मागं कोण हाय?

गोलकीपर मुळातच एकटा असतो असं लोक म्हणतात, आणि असं म्हणणाऱ्यांपैकी कोणी कधी गोलात उभं राहिलेलं नसतं. अख्ख्या मैदानात सगळ्यात जास्त तोंड चालतं ते गोलकीपरचं. "डावा बघ!", "सोड!", "माझा!", "वर चला की, झोपलाय काय!" दहाजणांच्या पाठी त्याला दिसतात आणि त्याचा आवाज त्या दहाजणांना लागतो. या आवाजाच्या जोरावर मी रंकाळा रोव्हर्समध्ये अकरा हंगाम टिकलो. माझ्या उड्या काही फार भारी नव्हत्या, उंचीही बेताचीच. पण घसा असा, की एका गोलातून ओरडलो तर दुसऱ्या गोलामागे भेळ खाणारा माणूस दचकायचा.

एकटेपणा म्हणजे काय ते मला गेल्या हंगामात कळलं, बंडी आल्यावर.

त्याआधी आमच्या हजेरीबद्दल सांगायला हवं. आमचा क्लब आज मोठ्या लीगमध्ये खेळणारा, प्रायोजकांची नावं छातीवर मिरवणारा असला, तरी निघाला कोल्हापुरातल्या एका पेठेच्या तालमीतून. तालमीत वस्ताद जोर-बैठकांआधी हजेरी घ्यायचे, ती रीत तशीच ड्रेसिंग रूममध्ये आली. मैदानात उतरण्याआधी सगळे बूट बांधून बाकांवर बसायचे. मी दारापाशी उभा राहून एकेकाला हाक मारायचो, कागदावरच्या नावानं नाही, पेठेतल्या नावानं. ज्याला हाक मारली त्यानं "हाय!" म्हणून ओरडायचं. मिझोरामहून आलेला आमचा विंगर लालझुआला, त्याचं नाव मी झुल्या ठेवलं होतं, तोही छाती काढून "हाय!" म्हणायचा. दहा नावं झाली की आमचा कप्तान तौफिक शिकलगार उठायचा आणि विचारायचा, "मागं कोण हाय?" आणि सगळे भिंती हादरतील असे ओरडायचे, "दिग्या हाय!"

दिग्या म्हणजे मी, दिग्विजय नलवडे. ते ऐकल्याशिवाय मी कधी मैदानात पाऊल टाकलं नव्हतं. दर वेळी अंगावर काटा यायचा.

तौफिक आणि मी एकाच गल्लीतले. तो बचावफळीच्या मधोमध खेळतो, म्हणजे बरोबर माझ्या नाकासमोर. शाळेच्या संघापासून त्याची पाठ मी जितकी पाहिली आहे तितकं त्याचं तोंड पाहिलेलं नाही. त्या पाठीवरून मला कळायचं की आज हा घरी भांडून आलाय.

बंडी आणली ती आमचे कोच ब्रागांझा यांनी. मडगावचा माणूस, खेळाच्या बाबतीत नव्याची हौस. लीगनं असल्या यंत्रांना नुकतीच परवानगी दिली होती. बंडीसोबत पुण्याहून केतकी दातार आल्या. त्या मेंदू आणि स्पर्श यांवर संशोधन करणाऱ्या. कंपनीनं या यंत्राला 'सहस्पर्श' असं लग्नपत्रिकेत शोभेल असं नाव दिलं होतं. दिसायला ती काळी, अंगाला चिकटणारी, बिनबाह्यांची बंडी होती, म्हणून आम्ही तिला बंडीच म्हणालो.

"माणूस धावायला सुरुवात करतो त्याच्या क्षणभर आधी मेंदूचा निरोप त्याच्या स्नायूत पोचलेला असतो," केतकी मॅडमनी आम्हाला समजावलं. "विजेच्या बारीकशा लहरीच्या रूपात. डोळ्यांना काही दिसायच्या आत. बंडीतले तंतू ती लहर पकडतात आणि बाकीच्यांच्या बंड्यांना कळवतात. तिथं तुमच्या पाठीवर शेकडो ठिपके आहेत, ते थरथरतात. कोण, कुठं, कोणत्या बाजूला निघणार, ते सगळं त्या थरथरीत असतं."

"म्हंजे गुदगुल्याच की ओ मॅडम," तौफिक म्हणाला, आणि सगळे हसले. तेव्हा आम्ही अजून एकत्र हसत होतो.

"सुरुवातीला गुदगुल्याच," त्याही हसल्या. "मग मेंदू शिकतो. दृष्टी नसलेला माणूस काठी टेकत चालतो ना, त्याला हातातली काठी जाणवत नाही. काठीच्या टोकाशी असलेली पायरी जाणवते. तसंच होईल. थरथर जाणवायची बंद होईल आणि माणूस जाणवायला लागेल."

तसंच झालं. काही आठवड्यांतच झुल्यानं मागे न बघता टाचेनं बॉल सोडला आणि बंट्या, आमचा उजवा बचावपटू, नेमका तिथं येऊन पोचला होता. दोघांपैकी कोणीही तोंड उघडलं नव्हतं. ब्रागांझा कोच बाजूच्या रेषेवर लहान मुलासारखे टाळ्या वाजवत होते. आम्ही जिंकू लागलो, एकामागून एक, ज्यांच्याकडून नेहमी मार खायचो त्यांच्याविरुद्धसुद्धा.

माझ्या पाठीला मात्र गुदगुल्यांपलीकडे काही कळेना. पुढे पुढे तर गुदगुल्याही कळेनात. केतकी मॅडमनी मला अंधाऱ्या खोलीत पालथं झोपवून नाना तऱ्हेनं तपासलं.

"नलवडे, तुमच्या पाठीत काहीही दोष नाही," त्या म्हणाल्या. "पण मेंदू बिनकामाचे निरोप टाकून देतो. शर्टाची कॉलर दिवसभर मानेला घासते, जाणवते का? तुम्ही लहानपणापासून गोलात उभे. तुमच्या मागून कधी कोणी आलंच नाही. मागं नुसती जाळी. पाठीकडून आलेल्या बातमीत काही अर्थ नसतो, हे तुमच्या मेंदूनं कधीच ठरवून टाकलंय."

"मग आता?"

"सगळ्यांनाच जमतं असं नाही," असं म्हणून त्यांनी चहा मागवला. तपासणाऱ्यानं चहा मागवला की समजावं, इलाज संपला. मी बंडी काढून ठेवली ती पुन्हा घातली नाही.

ड्रेसिंग रूम गप्प कधी झाली ते नेमकं सांगता येणार नाही. एका सामन्याआधी मी नेहमीसारखा दारापाशी उभा राहिलो आणि हाक मारली, "बंट्या!" बंट्यानं नाड्या बांधता बांधता नुसता हात वर केला. पुढच्यानं मान हलवली. त्याच्या पुढच्यानं तेही केलं नाही. त्यांचं चुकलं असं नाही म्हणणार. कोण आहे, कोण कुठं आहे, हे त्यांच्या पाठींना ठाऊकच होतं, मग ओरडायचं कशाला? मी अर्ध्यावर थांबलो. मी थांबलो हे कोणाच्या लक्षातही आलं नाही. तौफिकनं "मागं कोण हाय?" विचारलं नाही, आणि आम्ही मैदानात उतरलो.

त्यांनी बंड्या बसमध्येही काढणं सोडून दिलं. सांगलीहून परतताना दहाजण एकदम हसले. काही बोलणं नाही, विनोद नाही, नुसतं हसू.

"काय झालं रे?" मी विचारलं.

"काय न्हाई, भावा," बंट्या म्हणाला, अगदी प्रेमानं. पाहुण्याला सांगतात तसं. मी खिडकीबाहेरचा ऊस बघत बसलो.

झुल्याचं तर मला फारच लागलं. आला तेव्हा त्याला मराठीचा एक शब्द येत नव्हता. तो सरावानंतर माझ्याशेजारी येऊन बसायचा. मी त्याला शिव्या शिकवायचो आणि तो मला त्याच्या आईच्या हातच्या डुकराच्या मटणाची वर्णनं ऐकवायचा, मोडक्यातोडक्या भाषेत. आता त्याला मराठीची गरजच राहिली नव्हती. तो बंट्याच्या खांद्याला खांदा लावून तासन् तास गप्प बसायचा आणि समाधानी दिसायचा. मला बघून हसायचा, पण उठून यायचा नाही.

सरावानंतर गंगावेशीत दूध कट्ट्यावर जायचं, म्हशीचं धारोष्ण दूध प्यायचं, हा तौफिकचा आणि माझा शाळेपासूनचा शिरस्ता. तो फेसाचा पेला घ्यायचा, मी बिनफेसाचा. एकदा संध्याकाळी मी एकटाच जाऊन उभा राहिलो.

"आज एकटंच? कप्तान कुठं हाय?" गवळ्यानं विचारलं.

"येतोय मागनं," मी म्हणालो आणि दोन पेले घेतले. तो आला नाही. दुसराही मीच प्यायलो, फेसासकट, मिशीला लावून घेत. घरी गेल्यावर आईनं विचारलं की जेवायला का बसत नाहीस, तर सांगितलं दूध जास्त झालं. खरं म्हणजे रडू येत होतं.

इतपत मी सोसलं असतं. पण मग मला एक गोष्ट दिसायला लागली. बॉल मागे माझ्याकडे यायला निघाला, की दहाच्या दहा पाठी एकदम आवळायच्या. खांदे वर, माना ताठ. एकाच वेळी. मी आयुष्यभर पाठीच बघत आलोय, मला ते चुकणं शक्य नव्हतं. पूर्वी एखाद्याचा माझ्यावर राग असला तर तो त्याच्यापुरता असायचा. दुसरा कोणी त्याची थट्टा करायचा आणि विषय संपायचा. आता एकाच्या मनात आलेलं दहाजणांच्या पाठीत उतरत होतं आणि थट्टा करायला कोणी शिल्लक नव्हतं. माझ्यावर त्यांचा भरवसा राहिला नव्हता. तसं कोणी म्हणालं मात्र नव्हतं. म्हटलं असतं तर मी भांडलो तरी असतो.

सेमीफायनल घरच्या मैदानावर होती. आम्ही दोन गोलांनी पुढे होतो, स्टेडियम दुमदुमत होतं. डावीकडून उंच बॉल आला, सरळ माझ्या हातात पडणारा. तौफिक माझ्याकडे पाठ करून त्याच्याखाली उभा होता.

"सोड! तौफ्या, सोड! माझा!"

त्यानं उडी मारली आणि डोक्यानं बॉल मागे ढकलला. मी पुढे निघालेलो. बॉल माझ्या खांद्यावरून आमच्याच जाळीत गेला.

आम्ही तो सामना तरीही जिंकलो. पण ड्रेसिंग रूममध्ये फायनल गाठल्याचा आनंद कोणाच्याच तोंडावर नव्हता. सगळे बसले होते, टॉवेल मानेवर टाकून, गप्प.

"तौफ्या, मी सोड म्हणालो की," मी म्हटलं.

तो बुटातला चिखल काढत होता. मी पुढे होऊन समोर उभा राहिलो आणि पुन्हा तेच म्हणालो. तेव्हा त्यानं वर पाहिलं.

"आवाज दिला न्हाईस तू," तो म्हणाला.

"काय? घसा फाटूस्तवर वरडलोय मी!"

"न्हाई दिलास."

मी बाकीच्यांकडे पाहिलं. कोणीतरी म्हणेल, दिला होता रे, आम्ही ऐकला. कोणी काही म्हणालं नाही. ते आता मैदानात कानांनी खेळतच नव्हते, त्यांना काय आठवणार? पण त्या नऊजणांच्या पाठी हळूहळू ताठ होताना मी पाहिल्या. ते त्याच्या बाजूचे झाले होते. माझा सगळ्यात जुना मित्र माझ्या तोंडावर खोटं बोलला होता आणि त्या खोलीत ते फक्त मला माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी मी केतकी मॅडमना गाठलं.

"मॅडम, बॉल माझ्याकडं आला की सगळे आवळतात. का?"

त्यांनी नाही म्हटलं नाही. पडद्यावर त्यांनी मला काळ्या पाठींची चित्रं दाखवली, एका पाठीवर उमटलेला तांबडा डाग बघता बघता बाकीच्यांवर पसरत होता. "लक्षात आलंय माझ्या," त्या म्हणाल्या. "ताण एकाच माणसापासून सुरू होतो आणि इतरांमध्ये झिरपतो. जांभईसारखा. पण एक समजून घ्या. बंडीला कारण कळत नाही. स्नायू आवळला एवढंच कळतं. तो रागानं आवळला, अविश्वासानं, की आणखी कशानं, हे ज्याचं त्यालाच ठाऊक. बाकीचे आपापल्या परीनं अर्थ लावतात."

"सुरू कुणापासनं होतो?"

"नाव मी सांगू शकत नाही, नलवडे. तसा करार आहे."

"सांगू नका. बोट दाखवा."

त्यांनी बोटही दाखवलं नाही. पण तांबडा डाग सुरू व्हायचा ती पाठ गोलाच्या सगळ्यात जवळ होती. रुंद, डावा खांदा किंचित खाली. ती पाठ ओळखायला मला नावाची गरज नव्हती.

तिथून तडक मी मैदानावर गेलो. सरावाला सुट्टी होती, बंड्या धुऊन दोरीवर वाळत घातल्या होत्या. तौफिक ड्रेसिंग रूममध्ये एकटाच बाकावर बसला होता, दाराकडे पाठ, समोर भिंत, मांडीवर शेंगांचा पुडा. मी दारातूनच सुरू झालो.

जे मनात होतं ते सगळं बाहेर काढलं. शाळेपासूनचं. तुझ्या लग्नात मी पंगती वाढल्या, तुझ्या बापाला दवाखान्यात मी नेलं, आणि तू नऊजणांना माझ्यावर घालतोस? मर्द असशील तर तोंडावर बोल. खोटारड्या. पुढे जे बोललो ते लिहिण्याजोगं नाही. ते ऐकून कोल्हापुरातला कुठलाही माणूस शेंगा टाकून अंगावर आला असता.

तौफिकनं एक शेंग फोडली, दाणे तोंडात टाकले आणि टरफल पुड्यात ठेवलं.

माझं डोकंच फिरलं. शेजारी पाण्याच्या बाटल्यांची लोखंडी चौकट होती, तिला मी लाथ घातली. ती फरशीवर अशी काही आदळली की माझ्याच कानांत दडे बसले. बाटल्या घरंगळत खोलीभर गेल्या.

तौफिकनं दुसरी शेंग फोडली.

एक बाटली घरंगळत त्याच्या पायाला लागली. त्यानं दचकून खाली पाहिलं, मग वळून मागे.

"आयला," तो म्हणाला, "कवा आलास?"

तो माझ्या तोंडाकडे बघत होता, डोळ्यांकडे नव्हे, ओठांकडे. मग खाली पडलेल्या चौकटीकडे. मग त्याचा चेहरा उतरला.

मी जाऊन त्याच्याशेजारी बसलो. "कवापासनं?"

"तोंड हिकडं करून बोल."

मी तोंड तिकडं केलं.

"डावा कान तीन वर्सं झाली जाऊन," तो म्हणाला. "उजवा जाईत जाईत आता सगळाच गेल्यागत हाय. डॉक्टर म्हणतोय नस वाळालीय. मशीन बसवता येतंय, पर मग डोक्यानं बॉल मारायचा न्हाई. सेंटरला उभारून डोक्यानं बॉल न्हाई मारायचा तर काय फुलं येचू?"

"आणि हजेरीला हाय म्हणायचास ते?"

"बंट्याच्या मागनं माझं नाव. बंट्या वरडला की मी वरडायचो. तू कवा क्रम बदलला न्हाईस."

खरं होतं. अकरा वर्षांत कधी बदलला नव्हता.

"बाकीच्यांचे आवाज आदी गेले," तौफिक म्हणाला. "मैदानात तुझा तेवढा शेवटपतोर यायचा. मागल्या दिवाळीपासनं त्योबी गेला. तवा वाटलं, आता संपलं. आणि बंडी आली. बंडीत ऐकायला लागतच न्हाई, लेका. सगळे पाठीवर असत्यात. तू सोडून सगळे." तो शेंगांचा पुडा गुंडाळत राहिला. "बॉल तुझ्याकडं निघाला की माझं काळीज हलतंय. तू हाक मारत असशील, आणि मला कळणार न्हाई. तेची धास्ती बसलीय."

म्हणजे ती भीती होती. माझ्यावरचा अविश्वास नव्हेच. माझा आवाज ऐकू येत नाही ही भीती त्याच्या पाठीतून निघायची, आणि बाकीचे समजायचे की कप्तानाचा गोलकीपरवर भरवसा उरला नाही.

"आवाज दिला न्हाईस म्हणालास मला. सगळ्यांसमोर."

"तू दिला असणार, मला ठावं हाय. तू न्हाई दिलास असं कवा झालंय? पर तितं तोंडातनं गेलं." त्यानं मान खाली घातली. "सांग जा कोचला. मी काय म्हणणार न्हाई तुला."

मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. बऱ्याच दिवसांनी कोणाला तरी हात लावला होता. दोघंही तसेच बसून राहिलो, आणि त्याच्याशेजारी बसूनही मला इतकं एकटं वाटलं की उठून निघून आलो.

फायनलच्या आठवड्यात ब्रागांझा कोचनी मला बोलावलं. खोलीत ते एकटेच होते.

"बस, पुता," ते म्हणाले. "मला फिरवून बोलता येत नाही. तौफिक म्हणतो तू आवाज दिला नाही. लोक एवढे ओरडत होते, मला बाहेरून काही ऐकू आलं नाही. तो नवा पोरगा, केरळचा जिष्णू, त्याला बंडी चांगली लागते. पण फायनलला अनुभवी गोलकीपर बाकावर बसवायला माझं मन घेत नाही. म्हणून तुला एकच विचारतो. तू आवाज दिला असशील तर गोलात तू, आणि तौफिकला मी जाब विचारणार, का सोडला नाही बॉल. नसेल दिला तर जिष्णू. तू सांगशील ते मी खरं मानीन."

चौतिसावं वर्ष चालू होतं माझं. पुढच्या हंगामात मला कोणी उभं करणार नव्हतं, हे मलाही कळत होतं. एवढ्या वर्षांत फायनल एकदाच आली होती. आणि गोलकीपरनं वेळेवर आवाज न देणं म्हणजे काय, ते आमच्याकडे शेंबड्या पोराला विचारा. स्वयंपाक्यानं मीठ विसरावं तसं. बाकी सगळं माफ असतं, हे नाही.

दिला होता, एवढं म्हणायचं होतं. खरंच होतं ते. मग ते तौफिकला बोलावणार, त्याच्या मागून काहीतरी विचारणार, त्याला ते कळणार नाही, आणि त्याचं खेळणं संपलं. मी उघड्या खिडकीतून मैदानाकडे पाहिलं. तौफिक वाळलेल्या बंड्या दोरीवरून काढत होता, एकेक झटकून, घडी घालून.

"नाही दिला," मी म्हणालो.

कोचनी उठून माझा खांदा थोपटला. "खरं बोललास. मोठं मन लागतं त्याला."

संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळलं होतं. झुल्या समोरून आला आणि मान वळवून गेला. पुण्याला जाताना बसमध्ये माझ्याशेजारची जागा रिकामी होती. मी तिथं पिशवी ठेवली, म्हणजे ती रिकामी दिसू नये.

बालेवाडीची ड्रेसिंग रूम आमच्याहून दुप्पट मोठी. जिष्णूनं माझी एक नंबरची जर्सी घातली होती. त्याला ती खांद्यात तंग होत होती. मी राखीव खेळाडूंच्या बाकावर होतो. बाहेर ढोल वाजत होते, आत एक शब्द नाही. तौफिक माझ्याकडे बघत होता. बसमध्येही बघत होता. मी मुद्दाम नजर दिली नव्हती. मी कोचना काय सांगितलं ते त्याला कळलं असणारच.

तो उठला. जर्सी काढली, मग बंडी काढली आणि खुंटीला अडकवली.

सगळे एकदम त्याच्याकडे वळले. त्यांच्या पाठीवरचा एक माणूस अचानक नाहीसा झाला होता. केतकी मॅडमनी लॅपटॉपवरून मान वर केली.

"तौफिक, काय चाललंय?" कोच म्हणाले.

त्याला ते ऐकू गेलं नव्हतं. तो उघड्या अंगानं बाकावर बसला, पण भिंतीकडे तोंड करून. माझ्याकडे, सगळ्यांकडे त्याची पाठ होती. तीच, रुंद, डावा खांदा किंचित खाली.

"दिग्या," भिंतीकडे बघत तो म्हणाला, "हजेरी घे."

काय करायला निघालाय ते मला कळलं. "तौफ्या, नको," मी म्हणालो. तो हलला नाही. कसा हलेल?

मी उठलो. दारापाशी जाऊन उभा राहिलो, जिथं वर्षानुवर्षं उभा राहत होतो.

"बंट्या!"

बंट्यानं गोंधळून इकडंतिकडं पाहिलं. "हाय," तो म्हणाला.

बंट्याच्या मागून तौफिकचं नाव. मी ते घेतलं नाही. पुढच्याला हाक मारली, मग त्याच्या पुढच्याला. पहिल्यांदाच क्रम बदलला. "हाय" येत गेलं, आधी पुटपुटल्यासारखं, मग जरा मोठ्यानं. झुल्याच्या तोंडून ते इतक्या दिवसांनी आलं की त्याचा उच्चार पुन्हा पहिल्या दिवसासारखा झाला होता. शेवटी मी जिष्णूकडे पाहिलं आणि त्यालाही हाक मारली. त्याला रीत माहीत नव्हती, तरी त्यानं हात वर करून "हाय" म्हटलं.

आता एकच नाव राहिलं होतं.

"तौफ्या!"

तो भिंतीकडे बघत होता.

"तौफ्या!" या वेळी मी माझा सगळा आवाज लावला, आयुष्यभर लावला तेवढा. छताचा पत्रा थरथरला. बाहेरचा रखवालदार दार ढकलून आत डोकावला. जिष्णूनं कानांवर हात ठेवले.

तौफिक शांत बसला होता. त्याची एक नसही हलली नाही.

मग मी एकेकाचा चेहरा बदलताना पाहिला. एकदम नाही. त्यानं बंडी काढल्यावर त्याच्याकडून कोणाच्याही पाठीवर काही येत नव्हतं. ज्याला त्याला आपल्या डोक्यानं समजून घ्यावं लागत होतं. आधी बंट्याला कळलं, कारण त्याच्यामागून कोण ओरडायचं ते त्याला आठवलं असावं. झुल्यानं तोंड दोन्ही हातांत लपवलं. केतकी मॅडम पडद्याकडे बघत राहिल्या, जिथं एक पाठ आता कोरी होती. कोच हळूच खुर्चीत बसले आणि माझ्याकडे असे बघू लागले, की मला नजर चुकवावी लागली.

"मागं कोण हाय?" हे विचारायचं कप्तानानं. ते कोणी विचारलं नाही.

तौफिकनं अंदाजानं थोडा वेळ जाऊ दिला. मग तो वळला. त्यानं सगळ्यांचे चेहरे पाहिले, एकेक करून, आणि सगळ्यात शेवटी, खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला, माझा.

"मारलीस हाक?" त्यानं विचारलं.

"मारली," मी म्हणालो, आणि माझा आवाज फुटला. एवढ्या लांबून त्याला माझे ओठही कळले नसणार, म्हणून मी मान हलवली.